चिंचाळकरांची बंगई

“एकच बंगई गेली,” धोटे काकाजी म्हणाले, “आन ते कॉम्प्युटरचं मशीन म्हणते एकेचाळीस गेल्या. मंग बाकीच्या चाळीस कुठी गेल्या, मृदुला?”

आम्ही दोघं दुकानामागच्या कारखान्यात उभे होतो. बंगई म्हणजे आमच्या वऱ्हाडात घरातला झोपाळा. सागवानी पाट, त्याला पितळी कड्या आणि छतापासून खाली आलेल्या साखळ्या. असे तयार पाट भिंतीला टेकून रांगेने उभे होते. काकाजींनी एकेका पाटावर हात ठेवत सगळी रांग मोजली आणि माझ्याकडे वळून पाहिलं.

“सगळ्या इथंच आहेत, काकाजी.”

“तेच तं म्हणतो. विकल्या गेल्या आन इथंच आहेत. चाळीस वर्षं झाली या धंद्यात, अशा बंगया मी नाही पाह्यल्या.”

मी तेव्हा पुण्यातला कोर्स संपवून नुकतीच अमरावतीला परतले होते. काकाजींचं, म्हणजे मनोहरराव धोट्यांचं, दुकान जुन्या कापड बाजाराच्या मागे होतं. त्यांची जाहिरात म्हणजे गावोगावच्या भिंतींवर गेरूने रंगवलेलं एक वाक्य: ‘बसा तं धोट्यांच्या बंगईवर’. पुढे भिंतींवर दुसऱ्या लोकांच्या जाहिराती आल्या, आणि पुण्यातल्या पुतण्याने काकाजींच्या डोक्यात इंटरनेट घातलं. वेबसाइट झाली. जाहिराती चालवायला पुण्यातली एक कंपनी ठरली. त्या कंपनीत आमचं काम पाहणारा ऋत्विक सबनीस म्हणून एक मुलगा होता. तो तिकडून जाहिरात सोडायचा, मी इकडून वेबसाइट सांभाळायची आणि काकाजींना मराठीत समजावून सांगायचं, अशी वाटणी होती.

ऑनलाइन विक्री झाली की दुकानातल्या कॉम्प्युटरवर देवळातल्या घंटेचा आवाज व्हावा, ही काकाजींची मागणी. ऋत्विकने ती हसत हसत पुरी केली. पहिल्यांदा घंटा वाजली तेव्हा दुकानात बसलेल्या एका गिऱ्हाइकाने हात जोडले होते. काकाजींनी त्या दिवशी सगळ्यांना पेढे दिले. त्यानंतर घंटा वाजतच राहिली. ऑर्डरची ईमेल मात्र तेवढी एकच आली होती, परतवाड्याच्या कोणा विश्वंभर चिंचाळकरांची.

मी ऋत्विकला दोनदा विचारलं होतं. तो म्हणाला, “ईमेल कधीकधी अडकतात गं. तू सुटं सुटं काय बघतेस? एकूण चढ बघ. रविवारी तर कसली उसळी आहे. वीकेंडला लोक निवांत खरेदी करतात.”

“पण बंगया इथेच आहेत, ऋत्विक.”

“म्हणजे तुमची डिलिव्हरी हळू आहे,” तो म्हणाला. “ते तेवढं सुधारा.”

पुढच्या महिन्यात पुण्यात जाहिरातवाल्यांची एक परिषद होती. तिथे तो आमच्या दुकानाची गोष्ट मांडणार होता, आणि ती नीट झाली की त्याच्या कंपनीत माझ्यासाठी जागा होती. मला पुण्याला परत जायचं होतं. घरी तसं सांगूनही झालं होतं. त्यामुळे मीही फार खोलात जात नव्हते, हे खरं.

पण काकाजी खोलात गेले होते, तेही भलत्याच दिशेने. घंटा ऐकून ऐकून त्यांनी ठरवलं की आता शंभर बंगयांचं सागवान एकदम उचलायचं. परतवाड्याच्या लाकूड आगारात दुसऱ्या दिवशी सागवानाचा लिलाव होता. त्यासाठी बडनेऱ्याच्या रस्त्यावरचा प्लॉट विकायची बोलणी झाली होती. तो प्लॉट त्यांनी म्हातारपणासाठी ठेवलेला. म्हणूनच लिलावाच्या आदल्या सकाळी ते मला कारखान्यात घेऊन आले आणि पाटांवर हात ठेवून मोजू लागले.

“उद्याच्या आत मले सांग,” ते म्हणाले. “विकल्या का नाही विकल्या?”

दुकानात परत आलो तर तिथे नेहमीची मंडळी जमलेली होती.

हे त्या जाहिरातीचं दुसरं फळ. ऋत्विक म्हणायचा, ही यंत्रणा शिकते. जो विकत घेतो त्याच्यासारखीच माणसं शोधून त्यांना जाहिरात दाखवते. तिने कोणाला शोधलं होतं देव जाणे, पण महिनाभरापासून दुकानात निवृत्त पुरुष येत होते. फक्त पुरुष, आणि तेही एकटे. पांढरे केस, हातात कापडी पिशवी, पिशवीत भाजी. दर्यापूर, चांदूर, पार अकोटपासून येत. नमुन्याच्या बंगयांवर बसत, पाय उचलून हलकासा झोका घेत आणि डोळे मिटत. काही वेळाने उठून म्हणत, “घरी विचारून सांगतो.” सांगायला कोणी येत नसे. बसायला मात्र पुन्हा येत. काकाजींनी त्यांच्यासाठी चहाचा मोठा थर्मास घेतला होता.

त्या दिवशी सात जण झुलत होते. कड्यांची करकर सगळ्या दुकानात भरली होती. मी कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरपाशी बसले आणि आमच्या एकमेव खऱ्या गिऱ्हाइकाला, परतवाड्याच्या चिंचाळकरांना फोन लावला. दुसरं काही सुचतच नव्हतं.

“नमस्कार काका. धोट्यांच्या दुकानातून बोलतेय. बंगई नीट मिळाली ना?”

“मिळाली, मिळाली,” एक वयस्क, व्यवस्थित आवाज म्हणाला. “उत्तम आहे. अजून टांगली नाही.”

“टांगणारबी नाही,” मागून बाईचा आवाज आला. “सांगा तिले. परत घेऊन जा म्हणा.”

“एक मिनिट हं, बाई,” चिंचाळकर मला म्हणाले. मग फोनवर हात न ठेवताच बाजूला म्हणाले, “हे पाह्य. हे काय लिहिलं आहे? अभिनंदन, विश्वंभरजी. तुमची निवड अगदी योग्य आहे. आम्ही नाही लिहिलं. कंपनीनं लिहून दिलं.”

माझ्या समोर घंटा वाजली. विक्री बेचाळीस.

“कंपनी राहते का या घरात?” बाई म्हणाल्या.

“तू चष्मा लावून वाच. मी पुन्हा उघडून दाखवतो.”

पुन्हा घंटा वाजली. त्रेचाळीस.

मी पडद्याकडे पाहत राहिले. बंगई विकत घेतली की शेवटी आभाराचं एक पान उघडायचं, आणि ते पान उघडलं की एक विक्री झाली असं ऋत्विकची यंत्रणा धरून चालायची. पान कोण उघडतंय, कितव्यांदा उघडतंय, हे पाहायला तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

“काका,” मी जपून विचारलं, “हे पान तुम्ही रोज उघडता का?”

“रोज कशाला? विषय निघाला की उघडतो.”

“आणि विषय?”

“तो रोजच निघतो ना जी.”

“रविवारी जास्त निघतो का?”

“तुम्हाला कसं माहीत? रविवारी आमची मुलगी येते अकोल्याहून. जावईपण येतात. ती आईच्या बाजूनं बोलते. मग तिला दाखवावं लागते, जावयांना दाखवावं लागते. प्रत्येकाला वेगळं उघडून दाखवावं लागते.”

मागून बाई म्हणाल्या, “शेजारच्या कडूंनाबी दाखवलं, तेबी सांगा.”

मी फोन ठेवला आणि काकाजींना आतल्या खोलीत बोलावून सगळं सांगितलं. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

“म्हणजे हे विक्रीचे आकडे नव्हत.”

“नाही.”

“भांडणाचे आहेत.”

“हो.”

“आन हे मशीन त्या माणसासारखी माणसं शोधून राहिलं.”

आम्ही दोघांनी दारातून बाहेर पाहिलं. सात म्हातारे डोळे मिटून झुलत होते.

“यांच्या कोणाच्याच घरी बंगई जात नाही, पोरी,” काकाजी हळूच म्हणाले.

मी ऋत्विकला फोन लावून स्पीकरवर ठेवला. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “ठीक आहे, एक ग्राहक पान पुन्हा उघडतो. पण त्याचा अर्थ काय, तर तो ब्रँडशी जोडला गेलाय. हे तर फारच छान आहे.”

“अरे, पण तू मोजतोयस ते विक्री म्हणून.”

“परिषद होईपर्यंत मोजणीत हात घालू नकोस, मृदुला. एकदम आकडा पडला तर ते चांगलं दिसत नाही. तुझ्यासाठीही नाही.”

काकाजींना त्याचं बोलणं अर्धंच कळलं, आणि जे कळलं त्याने त्यांचा गोंधळ वाढला. पुण्याचा माणूस इतका शांत आहे म्हणजे काहीतरी विकलं जातच असणार, असं त्यांना पुन्हा वाटू लागलं. शंभर बंगयांचं सागवान त्यांनी मनात रचून ठेवलेलं होतं. ते असं एका फोनवर पाडायला ते तयार नव्हते.

“उद्या लिलावाले परतवाड्यालेच जायचं आहे,” ते शेवटी म्हणाले. “जाता जाता त्या चिंचाळकराच्या घरी जाऊ. माझ्या कानानं ऐकतो. मंग ठरवतो.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही काकाजींच्या जुन्या गाडीतून निघालो. प्लॉट घेणाऱ्याचा फोन वाटेत दोनदा आला. काकाजी दोन्ही वेळा त्याला म्हणाले, “लिलाव होऊ दे, संध्याकाळी बोलू.”

चिंचाळकरांचं घर बैठं होतं, पुढे छोटी पडवी आणि दारात तुळस. विश्वंभर चिंचाळकर एसटीच्या चौकशीच्या खिडकीवरून निवृत्त झाले होते. सगळी नोकरी जाळीमागे बसून गेलेली. आम्ही कोण ते सांगितल्यावर त्यांनी दोन खुर्च्या पुढे केल्या आणि बायकोला हाक मारली.

“अगं, ये, पाह्य. कंपनी आली.”

सुलोचनाकाकू गुडघ्यावर हात ठेवत बाहेर आल्या. काकाजींकडे नीट पाहून म्हणाल्या, “तुम्हीच का ते योग्य निवडवाले?”

“मी बंगईवाला,” काकाजी म्हणाले. “ते वाक्य पुण्याच्या पोरानं लिहिलं. बंगई कुठी आहे?”

चिंचाळकरांनी बैठकीच्या कोपऱ्याकडे बोट केलं. पाट भिंतीकडे तोंड करून उभा होता. अंगावर प्लॅस्टिक तसंच. वर ओला टॉवेल वाळत टाकलेला.

माणसाला स्वतःच्या मुलाला वर्गाबाहेर अंगठे धरून उभं केलेलं दिसावं, तसा काकाजींचा चेहरा झाला. ते खुर्चीतून उठले, टॉवेल उचलून त्याची नीट घडी केली, तो चिंचाळकरांच्या हातात दिला आणि मगच बोलले.

“काहून टांगली नाही?”

“ही छताला भोक पाडू देत नाही.”

“छताचं काही नाही,” काकू म्हणाल्या. “मले विचारून आणली का?”

“विचारायचं काय त्यात? तूच म्हणत होती ना बंगई पाहिजे म्हणून.”

“कधी म्हणत होती?”

चिंचाळकरांचा हात आपोआप टीपॉयवरच्या टॅबकडे गेला. मुलाने दिलेला तो टॅब एका क्रोशाच्या रुमालाखाली होता. मी म्हटलं, “काका, आत्ता नका उघडू.” त्यांनी हात मागे घेतला.

“कधी म्हणत होती, ते सांगा यांना,” काकू म्हणाल्या. त्यांनी ते कोणालाच सांगू दिलं नाही, स्वतःच सांगितलं. “आमच्या धाकट्या नणंदेचं लग्न होतं. बस्ता बांधायले अमरावतीले गेलो होतो. कापड बाजाराच्या मागं एक बंगईचं दुकान. मी जाऊन बसली. पाय जमिनीले टेकवला आन असा मागं रेटला तं बंगई पार त्या भिंतीलोक गेली. दुकानात एक पोरगा होता, तो म्हणे, बसा, बसा, कोणी हाकलून नाही राहिलं. मी यांना म्हटलं, घेऊन टाकू. हे म्हणे, पुढच्या वर्षी.”

“पुढच्या वर्षी मुलाची फी आली,” चिंचाळकर म्हणाले.

“त्याच्या पुढच्या वर्षी?”

“त्याच्या पुढच्या वर्षी… काहीतरी आलं.”

“आता गुडघे गेले,” काकू म्हणाल्या. “डॉक्टर म्हणते, पाय रेटायचा नाही, जोर द्यायचा नाही. आन आता हे बंगई घेऊन आले. वरून रोज दाखवतात, तुमची निवड अगदी योग्य आहे. योग्य होती, पण तेव्हा. आता हे घर मले त्या पाटाकडे पाहायले लावते. म्हणून मी तो उलटा करून ठेवला.”

बाहेर भाजीची गाडी गेली. काकाजींनी टोपी काढली, पुन्हा घातली.

“तो पोरगा मीच,” ते म्हणाले. “कापड बाजाराच्या मागं बंगईचं दुकान एकच होतं.”

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं, पण त्यांना ओळख पटली असं दिसलं नाही. काकाजींनी तशी अपेक्षाही केली नव्हती. ते वर छताकडे पाहत होते. खोलीच्या मधोमध एक बीम होता. त्यांनी कोपऱ्यातल्या एका काठीने तो ठिकठिकाणी वाजवून पाहिला.

“हूक पार्सलमध्येच आहेत,” ते चिंचाळकरांना म्हणाले. “ड्रिल मशीन कोणाकडे?”

“शेजारी कडूंकडे आहे.”

“आणा.”

“काकाजी,” मी हळूच म्हटलं, “लिलाव अकराला आहे.”

“हाव,” ते म्हणाले, आणि त्यांनी शर्टाच्या बाह्या दुमडल्या.

काकू म्हणाल्या, “मी बसणार नाही. आत्ताच सांगून ठेवते.”

“नका बसू,” काकाजी म्हणाले. “पण त्या खुर्चीवर बसा बरं जरा. मले तुमच्या गुडघ्याची उंची पाहिजे.”

कडू ड्रिल घेऊन आले आणि पाहायला थांबले. मी शिडी धरली. काकाजींना वर चढताना पाहून मी ती आणखी घट्ट धरली, पण वर गेल्यावर त्यांचे हात सराईतपणे चालू लागले. भोक पाडलं, हूक बसवले, स्वतः लोंबकळून पाहिले. मग खाली येऊन काकूंच्या खुर्चीसमोर उकिडवे बसले, वितीने जमिनीपासून गुडघ्यापर्यंतची उंची मोजली आणि साखळीच्या कड्या सोडू लागले. नेहमीपेक्षा पाट बराच खाली आला.

“इतका खाली?” चिंचाळकर म्हणाले. “झोका कसा जाईल?”

“झोका त्यांनी नाही घ्यायचा,” काकाजी म्हणाले. “पाय पुरे टेकले पाहिजेत. टेकवून नुसतं बसायचं. रेटायचं तुम्ही, मागून. एका हातानं, हळू. तुमचे गुडघे ठीक आहेत ना?”

“ठीक आहेत.”

“मंग झालं. आजपासून रोजचं काम आहे हे तुमचं. चौकशीच्या खिडकीवर बसायचे तसंच, फक्त उभ्यानं.”

काकू बसणार नव्हत्या. पाट पुसून झाला, साखळ्यांना तेल देऊन झालं, कडूंनी बसून पाहिलं, मी बसून पाहिलं, तरी त्या खुर्चीतच. मग काकाजी म्हणाले की चहा मिळाला तर बरं होईल. काकू उठल्या, आत गेल्या, चहा घेऊन आल्या, सगळ्यांना दिला. त्यांची खुर्ची तोवर कडूंनी घेतली होती. दुसरी जागा नव्हती. कप हातात घेऊन त्या क्षणभर उभ्या राहिल्या आणि मग बंगईवर टेकल्या, पार कडेला, उठायच्या तयारीत.

पाय पुरे टेकले होते. चिंचाळकर मागे गेले. त्यांनी साखळीला हात लावला आणि काडीएवढी हलवली. चहा हिंदकळला नाही.

“आणखी,” काकू म्हणाल्या.

आम्ही निघालो तेव्हा लिलाव कधीच संपला होता. आगाराच्या फाटकातून सागवानाचे ट्रक बाहेर पडत होते. काकाजींनी गाडी बाजूला घेऊन ते जाऊ दिले. माझी भीती अशी की आता त्यांना हळहळ वाटेल, ते माझ्यावर चिडतील. ते फक्त म्हणाले, “गेल्या पंधरा वर्षांत मी हातानं एकबी बंगई नव्हती टांगली.” मग प्लॉटवाल्याला फोन करून सांगितलं की प्लॉट द्यायचा नाही.

तीन दिवसांनी ऋत्विकचा फोन आला. मी त्याला इतकं घाबरलेलं कधी ऐकलं नव्हतं.

“मृदुला, तुमची विक्री सपाट झालीय. तीन दिवस शून्य. रविवारीसुद्धा शून्य. तू कोडमध्ये काही केलंस का?”

“काहीच नाही केलं.”

“मग झालं काय तिथे?”

“समेट झाला,” मी म्हटलं.

“कोणाशी?”

मी पुन्हा सगळं सांगितलं. या वेळी मी त्याला हेही सांगितलं की परिषदेत ही गोष्ट मांडलीस तर कोणी विचारल्यावर मी खरं तेच सांगेन. तो म्हणाला, “मग तुझ्या इथल्या जागेचं मला काही सांगता येणार नाही.” मला वाईट वाटलं. संध्याकाळी घरी जेवले नाही. त्याने ती गोष्ट परिषदेत मांडली. ज्येष्ठ नागरिक आणि ऑनलाइन खरेदी असा काहीसा विषय केला, आलेख रविवारच्या उसळीसकट दाखवला आणि त्याला बक्षीस मिळालं. मला कोणी काही विचारलंच नाही.

आम्ही जाहिरात बंद केली. मोजणारा कोडही काढून टाकते म्हटलं, तर काकाजींनी हात आडवा केला.

“राहू दे.”

“कशाला, काकाजी? ते खोटं मोजतं.”

“विक्रीचं खोटं मोजते. त्या घरचं बरोबर मोजते.”

तेव्हापासून रोज सकाळी दुकान उघडलं, देवापुढे उदबत्ती लावली की काकाजी मला विचारायचे, “आज किती?” मी सांगायची, “शून्य.” ते समाधानाने मान हलवायचे. “छान. शून्य छान.” नवीन गिऱ्हाइकासमोरही हे चालायचं. विक्री शून्य म्हणून खूश होणारा दुकानदार पाहून काही लोक दोन पावलं मागे सरकत. निवृत्त मंडळी मात्र जाहिरात बंद झाली तरी येत राहिली. काकाजी आता त्यांना चहा देताना विचारायचे, “घरी विचारलं का? काय विचारलं, कसं विचारलं, ते सांगा.” त्यांच्यातले दोघं-तिघं पुढे बायकोला सोबत घेऊन आले, आणि त्या बंगया गेल्या.

दीड-दोन महिने शून्य होतं. मग एका मंगळवारी सकाळी मी पाहिलं तर एक.

मी ते काकाजींना लगेच सांगितलं नाही. त्यांनीच माझ्या खांद्यावरून पाहिलं. उदबत्ती हातातच होती. ती त्यांनी तशीच मला दिली.

“बिघडलं वाट्टे काही,” ते म्हणाले. “चाल.”

“फोन करून विचारूया का?”

“फोनवर कोणी खरं सांगते का? चाल.”

त्यांनी पिशवीत पाना, पक्कड, तेलाची बाटली घातली, वर दोन जादा कड्या टाकल्या, आणि आम्ही गिऱ्हाइकांना तसंच झुलत ठेवून परतवाड्याला निघालो. रस्ताभर ते अंदाज बांधत होते. साखळी करकरत असेल. चिंचाळकरांना मागून रेटायचा कंटाळा आला असेल. पुरुष माणूस, दोन महिने म्हणजे पुष्कळ झाले. मुलगी काही बोलली असेल. गाडी त्यांनी कधी नव्हे इतकी वेगात चालवली.

दार उघडंच होतं. काकू बंगईवर बसल्या होत्या, पाय जमिनीला पुरे टेकलेले, मांडीवर टॅब, डोळ्यांवर चष्मा. चिंचाळकर मागे उभे राहून एका हाताने साखळी हलवत होते आणि दुसऱ्या हाताने पेपर धरून वाचत होते.

“काय झालं?” काकाजींनी दारातूनच विचारलं. “भांडले का?”

दोघांनी एकदमच आमच्याकडे पाहिलं.

“नाही,” चिंचाळकर म्हणाले. “का?”

“सकाळी तुमच्याकडून मशीनवर एक आकडा आला ना.”

“हाव, ती माझी ऑर्डर,” काकू म्हणाल्या. “माझ्या बहिणीसाठी घेतली, दारव्ह्याले. तिचेबी गुडघे गेले. मी स्वतः दाबलं सगळं, यांना हात नाही लावू दिला.” त्यांनी चष्म्यावरून काकाजींच्या हातातल्या पिशवीकडे पाहिलं, पान्याकडे पाहिलं. “मी म्हटलं, चार दिवस तरी लागतील. तुम्ही दुपारच्या आत आले, आन तेबी रिकाम्या हातानं. बंगई कुठी आहे?”

मी खिशातून फोन काढला. ऑर्डरची ईमेल सकाळपासून तिथे येऊन पडली होती, न उघडलेली. काकाजींनी माझ्याकडे पाहिलं. मग ते खाली पडवीच्या पायरीवर बसले, पिशवी बाजूला ठेवली आणि खांदे हलेपर्यंत हसू लागले. मी त्यांना इतकं हसताना नंतर कधी पाहिलं नाही.

काकूंना त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

“पाटाची उंची लिहून घ्या,” त्या मला म्हणाल्या. “ती माझ्यापेक्षा बुटकी आहे.”